आखाजीचा मुराळी

आखाजी दोन दिवसांवर आली तरी दिपमाला सासरीच होती. लग्नानंतरची पहिलीच आखाजी, म्हणजे लेकी माहेरी येतात ती अक्षय्य तृतीया. भाऊ नाही, म्हणून मुराळी होऊन तिला चाळीसगावहून माहेरी आणायचं काम बापाचं. आणि तिचा बाप अभिमन रोज म्हणायचा, "आज ड्युटी शे. उद्या जासू."

तो धरणगावात एकशे आठच्या अ‍ॅम्ब्युलन्सवर ड्रायव्हर. त्याची बायको कोकिळाबाई ओट्यावर येरझारा घालत होती. दुपारी लेकीचा फोन आला.

"माय, बठ्ठ्या पोरी माहेरले गयात. माले लेवाले कोणी येस का नही?"

तेवढ्यात अभिमनच्या अ‍ॅम्ब्युलन्सवरचे डॉक्टर दारात आले. "वहिनी, अभिमनभाऊंची तब्येत बरी ना? आठ दिवसांची सुटी टाकलीय त्यांनी."

कोकिळाबाई तशीच चपला घालून निघाली. अभिमन सापडला बसस्टँडवर. मांडीवर न उघडलेला डबा.

"रोज डबा लिसन आठे बसतस? तिकडे पोर रडी ऱ्हायनी!"

त्याने डबा बाजूला ठेवला. म्हणाला, "एरंडोल रोडवर कॉल व्हता. एक बाप पोरले आखाजीले मोटरसायकलवर आनी ऱ्हायंता. पदर चाकमा गया. पोर मन्हा हातमा गई. बाप माले इचारे, हिना मायले काय सांगू?"

"मग आपण बसनं आणू तिले."

"दोनदा चढनू बसमा. उतरी गऊ."

कोकिळाबाईचा राग कुठल्या कुठे गेला, पण तिला खाली बसवेना. "मी जास. मीच मुराळी."

"बाई कधी मुराळी जास का? व्याही हसतीन."

"हसू द्या. दात तरी दिसतीन त्यासना!"

तीनच्या बसमध्ये ती बसली. एरंडोल यायच्या आत अभिमनचा फोन. कासोद्याला दुसरा. भडगावला तिसरा, आणि या वेळी नुसता श्वास ऐकू येत होता, धावून आल्यासारखा. तिने फोन ठेवला नाही. "मी बोलस, तुम्ही ऐका," म्हणाली आणि खिडकीतून दिसेल ते सांगू लागली. पेट्रोल पंप. रसवंती. उसाचा ट्रॅक्टर.

शेजारून एक मोटरसायकल पुढे निघाली. मागे एक पोरगी, मांडीवर पिशवी. कोकिळाबाईने पुढच्या सीटचा दांडा गच्च धरला.

"काय झालं? गप का व्हयनी?" फोनमधून अभिमनने विचारलं.

"काही नही," ती म्हणाली. "केळीनी बाग लागनी. मोठी शे. अजून संपी नही ऱ्हायनी."