ढाल क्रमांक एकशे सतराची जबानी

मित्रांनो, या देशाच्या शांततेचा सगळा भार आजवर माझ्या छातीवर होता. मी पोलीस दलातली एक जुनी ढाल आहे. खरं सांगायचं तर तो भार जेमतेम तीन किलोंचा, आणि तोही शांततेचा नसून माझा स्वतःचाच. शिवाय तो मी नव्हे, एक शिपाई डाव्या हातावर पेलायचा.

माझा जन्म एका कारखान्यातल्या तापलेल्या साच्यात झाला. जाड, आरपार दिसणारं प्लास्टिक, पाठीला दोन पट्टे आणि पोटावर ठळक अक्षरांत 'पोलीस'. आमच्या तुकडीतला एक जण म्हणायचा, की सबंध खात्यात आरपार दिसणारं एवढंच काय ते. त्याची पुढे बदली झाली.

दलाची रचना फार विचार करून केलेली आहे. सर्वांत पुढे ढालवाले. त्यांच्या मागे काठीवाले, मग धुराच्या नळकांड्यांची बंदूक, मग पाण्याचा फवारा मारणारी गाडी, मग कर्णा घेतलेले साहेब, आणि तीन मैलांवर नकाशासमोर बसलेले मोठे साहेब. हुद्दा जसा चढत जातो तसा दगड लांब राहतो. मी सर्वांत पुढे होते, त्यामुळे मला सगळं स्पष्ट दिसायचं.

मला पेलणारा शिपाई सहा फूट तीन इंच उंच. त्याला सगळे 'मनोरा' म्हणत. माझी उंची नियमाने ठरवलेली आणि त्याची देवाने, त्यामुळे आमचं जमत नसे. मी डोकं झाकलं की त्याच्या नडग्या उघड्या पडत आणि नडग्या झाकल्या की डोकं. त्याने डोकं निवडलं. पाच वर्षांत त्याच्या नडग्यांची पार चाळण झाली.

मी काय काय खाल्लं म्हणून सांगू! विटा, फरशीचे तुकडे, सोड्याच्या बाटल्या, सायकलची साखळी, एकदा तर अख्खी खुर्ची. आणि मी नुसतं खाल्लंच असंही नाही. ढाल फक्त अडवते, असं तुमच्या पुस्तकात लिहिलेलं असेल. कर्ण्यातून "ढकला!" असा हुकूम सुटला की माझी कड पुढे जाते. त्या कडेनं मी एका शाळामास्तरांच्या गळ्याचं हाड मोडलं आहे. ते मोडताना वाळकी फांदी मोडल्यासारखा आवाज आला. मास्तर काही फेकत नव्हते, चष्मा शोधत होते. कागदोपत्री त्या दिवशी जमाव 'शांततेने पांगला'.

अशाच एका दुपारी एका दगडानं मला चीर पाडली. नेमकी मनोऱ्याच्या डाव्या डोळ्यासमोर. कोठीवाल्या जमादारकाकांनी ती चिकटपट्टीनं बुजवली. काका मनाचे वाईट नव्हते. कोठीतल्या सामानाला ते लेकींसारखं जपत. एका शिरस्त्राणावर ओरखडा दिसला म्हणून तपासणीत त्यांना सगळ्यांसमोर बोलणी बसली होती, ती त्यांच्या जिव्हारी लागली होती. तेव्हापासून चाळीस नव्या कोऱ्या ढाली त्यांनी वेष्टणासकट फळीवर ठेवल्या होत्या. रोज फडक्यानं वेष्टण पुसत.

बंद पडलेल्या कारखान्याच्या फाटकावर बंदोबस्ताला निघायच्या सकाळी मनोरा कोठीच्या खिडकीत वाकला.

"काका, ही बदलून द्या. चीर वाढलीय."

"चीर आहे. तुकडे कुठं आहेत? बाद करायला तुकडे लागतात. तुकडे आण, नवी घेऊन जा."

"तुकडे होतील तेव्हा मागे माझंच तोंड असेल ना!"

"मग थोडा वाक की. एवढं उंच कुणी व्हायला सांगितलं होतं?"

"त्या चाळीस काय पूजेला ठेवल्यात?"

"त्या तपासणीच्या आहेत," काका दचकून म्हणाले. "दगड लागून ओरखडे पडले तर मोठ्या साहेबांना काय दाखवू?"

फाटकावर दुपारी तीनला पहिली वीट आली. कामगार पाच महिने घरी बसलेले. त्यांत मनोऱ्याच्या बायकोचा भाऊही होता, फिटर. गर्दीच्या पुढच्या रांगेतून तो ओरडला, "दाजी! जरा बाजूला व्हा हो! मला तुमच्या मागच्या कर्णेवाल्याला मारायचंय!"

"घरी जा म्हणतो ना! तुझ्या ताईला काय सांगू मी?"

"ताईला सांगा, रविवारी जेवायला येतो!"

तेवढ्यात "ढकला!" आलं. आम्ही पुढे गेलो. काठ्या चालल्या, डोकी फुटली, कुणाचे दात माझ्यावर आपटून खाली सांडले. धुराची नळकांडी वाऱ्यामुळे आमच्यातच परतली. त्या पांढऱ्या धुरातून गलोलीनं सोडलेला एक लोखंडी नट आला आणि नेमका चिकटपट्टीवर बसला.

पट्टी फाटली आणि मला भोक पडलं. नट आत गेला.

मनोरा गुडघ्यांवर बसला, मग माझ्यावरच पालथा झाला. माझ्या आतल्या बाजूनं त्याचं रक्त कोमट वाहत होतं आणि मला काहीच अडवता येत नव्हतं. फिटर दगड टाकून धावत आला. आमच्या काठीवाल्यांना वाटलं, हल्ला. "दाजी आहेत माझे!" हे सांगेपर्यंत त्याला तीन काठ्या बसल्या. सांगून झाल्यावर चौथी बसली, त्यात मनगट गेलं. तरी त्यानं धड हातानं माझा पट्टा धरला, एका काठीवाल्यानं दुसरा धरला आणि दोघांनी मनोऱ्याला माझ्यावरच ठेवून ओढत गाडीपर्यंत नेलं.

इस्पितळात एका खोलीत नवरा, समोरच्या खोलीत भाऊ. बाई एकच डबा घेऊन दोन्हीकडे फिरत होती आणि दोघांनाही सारखंच झोडपत होती. डॉक्टरांनी दोन दिवस झगडून पाहिलं. तिसऱ्या दिवशी डावा डोळा काढला.

जमादारकाका भेटायला आले ते एक नवी ढाल घेऊन, वेष्टण काढलेली.

"तुझ्या नावावर काढलीय रे."

"आता कुठल्या डोळ्यानं बघू तिच्यातून, काका?"

काका ढाल उराशी धरून लहान मुलासारखे रडले.

मनोऱ्याला हलकं काम म्हणून कोठीतच नेमलं, काकांच्या हाताखाली. पुढच्या बंदोबस्ताच्या सकाळी त्यानं सुरी घेतली आणि उरलेल्या एकोणचाळीस ढालींची वेष्टणं टराटरा फाडली. काका कपाळाला हात लावून बसले, पण त्यांनी अडवलं नाही. त्या, आणि त्याच्या नावावरची चाळिसावी, त्यानं ढालवाल्यांना वाटल्या. त्या दिवशी भरपूर दगड आले. संध्याकाळी ढालींवर मांजरं भांडल्यासारखे ओरखडे होते. ढालवाले मात्र चाळीसही आपापल्या पायांनी गाडीत चढले.

मग तपासणी आली. मोठे साहेब फळीपुढे थांबले.

"नव्या ढालींची ही दशा?"

"वापरल्या, साहेब," मनोरा म्हणाला.

"कुणाच्या हुकमानं?"

मनोऱ्यानं काळा चष्मा काढला. साहेब बराच वेळ बघत राहिले, ढालींकडे नव्हे. मग वहीत त्यांनी स्वतःच्या हातानं लिहिलं, 'सुस्थितीत'. आणि घाईनं पुढे गेले.

माझ्यासाठी समिती बसली. भोक म्हणजे तुकडे नव्हेत, असा तिनं निर्वाळा दिला. त्यामुळे मी आजही सेवेत आहे, कोठीच्या व्हरांड्यात, पिण्याच्या पाण्याच्या पिंपावर झाकण म्हणून.

मित्रांनो, वस्तू जपा, असं तुम्हाला शाळेत सांगतात. जरूर जपा. फक्त ती जपताना तिच्यामागे कोण उभं आहे, तेवढं बघत जा.

आणि कधी इकडे आलात, तर पाणी पिऊन झाल्यावर पेला माझ्यावर आपटू नका. हळू ठेवा.