पिवळी दोरी

शमेका कोरियाहून परत आली आणि पहिल्याच रविवारी चर्चमधल्या जेवणात तिनं कॉलर्डच्या पानांची भाजी तिकडच्यासारखी दोन काड्यांनी खाल्ली. बायका ताटं खाली ठेवून बघत बसल्या. पास्टरबाईंनी तर टाळ्या वाजवल्या. मी कोंबडीची तंगडी हातानंच खात होते आणि माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला होता.

"अर्नी, तू पण करून बघ की," शमेका म्हणाली. "काही अवघड नाही गं."

"मला देवानं बोटं दिलीत," मी म्हणाले.

सगळ्या हसल्या. पण हसल्या त्या तिच्याकडे बघून.

शमेका माझी मावसबहीण, माझ्याहून तेरा वर्षांनी लहान. कारखान्यात तिला चिकटवली ती मीच. माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून तिचा अर्ज मी भरला, कारण तिचं अक्षर कोंबडीनं पाय ओढल्यासारखं आहे. त्या अर्जाची मला आजवर शंभरदा आठवण झाली असेल. पेन तेव्हाच बाजूला ठेवलं असतं तर किती बरं झालं असतं!

आमच्या शेलीव्हिलमध्ये पूर्वी कापडगिरणी होती. ती बंद पडल्यावर वीस वर्षं गावात गवताशिवाय काही वाढलं नाही. मग कोरियन कंपनी आली. कपडे धुण्याची मशीनं त्यांच्या देशातून जहाजानं आणण्यापेक्षा इथेच बनवायची ठरवली त्यांनी. पुढून बघाल तर नाव परदेशी, आणि मागच्या पत्र्यावर चिकटपट्टी, 'अमेरिकेत बनवलेलं'. ते बनवणाऱ्या पहिल्या तुकडीत मी होते. पहिलं मशीन तयार झालं तेव्हा आम्ही सगळ्यांनी त्याच्या आतल्या पत्र्यावर काळ्या पेननं सह्या केल्या. मग मागचा पत्रा लावून टाकला. ते मशीन आजही पुढच्या दारात काचेच्या पेटीत ठेवलंय. माझं नाव त्याच्या पोटात आहे, कुणाला दिसत नाही. काचेच्या बाहेर, भिंतीवर, चौकटीत फोटो कुणाचा? शमेकाचा. कोरियातल्या कारखान्यासमोर दात काढून उभी.

माझी जागा चौदा नंबर. धुण्याच्या मशीनचा ड्रम आत स्प्रिंगांवर टांगलेला असतो. ट्रकमधून जाताना तो हिंदकळून आतलं सगळं फोडेल, म्हणून पाठीमागून चार लांब बोल्ट घालून तो आवळून टाकायचा. ते बोल्ट मी घालते. मशीन घरी पोचलं की गिऱ्हाईक सगळ्यात आधी तेच काढतं आणि खणात फेकून देतं. चार वर्षं मी जे काम केलं ते लोकांनी पहिल्या दिवशी उपटून टाकलं, असा सगळा हिशोब.

तरी काम मी चोख करायची. बोल्ट बसला की यंत्रावर हिरवा दिवा लागतो. बाकीच्यांना तेवढं पुरतं. मी मात्र तळहातानं ड्रमला एक धक्का देऊन बघते. हे मला कुणी शिकवलेलं नाही.

प्रत्येकाच्या डोक्यावरून एक पिवळी दोरी जाते. काही खटकलं की ओढायची. मग मशीनं जोडत पुढे सरकणारी सगळी लाइन थांबते, लहान मुलांच्या खेळण्यातली असावी तशी एक धून वाजते आणि वर टांगलेल्या पाटीवर तुमचा नंबर लाल होतो. चार वर्षांत मी ती दोरी एकदाही ओढली नव्हती, आणि त्याचा मला गर्व होता. माझी आई, मोझेल, गिरणीत एकतीस वर्षं मागावर होती. तिथे माग थांबवणाऱ्याला दार दाखवायचे. आईच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं त्या मागात राहिली, पण माग थांबू दिला नाही, असं ती अजून छाती पुढे काढून सांगते. मी तिचीच मुलगी. खराब बोल्ट हाताला लागला की तो गुपचूप एप्रनच्या खिशात टाकायचा, दुसरा घ्यायचा, झालं काम. गवगवा कशाला?

शमेकाला गवगवाच आवडायचा. स्क्रू हलला, ओढ दोरी. पत्र्यावर ओरखडा, ओढ दोरी. एकदा तर चिकटपट्टी तिरकी बसली म्हणून ओढली. दर आठवड्याला ती धून वाजायची आणि आम्ही म्हणायचो, "शमेकाचा बँड सुरू झाला!"

गेल्या वर्षी नोटीस लागली. आमच्या लाइनवरचं एक माणूस सहा आठवडे कोरियाला जाईल आणि परत आल्यावर लाइनप्रमुख होईल. शेवटी दोन नावं उरली, माझं आणि तिचं. मी नवी बॅगसुद्धा आणली होती. चाकं असलेली, जांभळी.

त्यांनी शमेकाला पाठवलं. बॅगही तिनं माझीच मागून नेली.

मला हेवा वाटला. लपवत नाही. सकाळी डोळा उघडायच्या आधी तो जागा व्हायचा. मी तिच्या गाडीतून कामाला जाणं सोडलं. चर्चच्या भजनी मंडळात तिचं एकटीचं कडवं आलं की मी मागून मोठ्यानं सूर लावायची, इतकी की ऑर्गनवाल्यानं एकदा वळून बघितलं. ती चुकावी म्हणून मी वाट बघत बसायची आणि ती काही चुकायची नाही. साहेबांपुढे गोड हसून तिनं हे सगळं मिळवलंय, असं मी आईला सांगायची. आई मान डोलवायची, त्यानं तेवढ्यापुरतं बरं वाटायचं.

ऑक्टोबरात एका सोमवारी शमेका माझ्याजवळ आली. "अर्नी, गुरुवारी चेअरमन येतायत सोलहून. आपलीच लाइन दाखवायचं ठरलंय."

"दाखव की."

"शेजारच्या इमारतीत कपडे वाळवायच्या मशीनची लाइन सुरू होतेय ना, तिच्या सुपरवायझरचंही गुरुवारीच ठरणार आहे म्हणे." तिनं आवाज खाली आणला. "माझं नाव आहे. माझ्यासाठी प्रार्थना करशील?"

"करते ना," मी म्हणाले. काय प्रार्थना केली ते देवाला ठाऊक.

त्याच दिवशी बोल्टचा नवा खोका आला. त्यातले काही बोल्ट केसभर आखूड होते. हिरवा दिवा लागायचा, पण धक्का दिला की ड्रम डुलायचा. मी ते खिशात टाकत गेले. संध्याकाळी लॉकरमधल्या शेंगदाण्याच्या बरणीत ओतले. मंगळवारी तेच, बुधवारी तेच. माझ्या हातून एकही डुलणारं मशीन पुढे गेलं नाही, आणि मी स्वतःवर खूश होते.

गुरुवारी चेअरमन आले. सडपातळ म्हातारे गृहस्थ, अंगात आमच्यासारखंच राखाडी जॅकेट. मागे महापौर, कॅमेरेवाले आणि आमचे मॅनेजर मिस्टर सोक. पुढे शमेका. जॅकेटला कडक इस्त्री, केस नवे वळवलेले. ती त्यांच्या भाषेत काहीतरी बोलली आणि ते म्हातारबाबा चक्क हसले. माझ्यापाशी आल्यावर ती थांबली.

"ही अर्नेस्टीन, माझी बहीण. पहिल्या दिवसापासून इथे आहे. ही बोल्ट घालते."

चेअरमननी मान लववली आणि सगळे पुढे गेले. बोल्ट घालते! चार वर्षं, आणि एवढंच वाक्य!

पुढचं मशीन आलं. बोल्ट घातला, हिरवा दिवा लागला, धक्का दिला, ड्रम डुलला. हात सवयीनं खिशाकडे गेला. तेवढ्यात मला शमेकाची पाठ दिसली, त्या इस्त्रीच्या जॅकेटमधली, आणि माझा हात वर गेला.

खरं सांगते, त्या क्षणी ड्रम माझ्या मनातसुद्धा नव्हता.

लाइन थांबली. धून वाजायला लागली. चेअरमनच्या डोक्यावर पाटीवर लाल चौदा. कॅमेरे वळले. मी शमेकाचं तोंड पडायची वाट बघत उभी राहिले.

ती धावत आली. दोरी ओढणाऱ्याला काहीही विचारायच्या आधी आभार मानायचे, असा कंपनीचा नियम आहे. धापा टाकतच ती म्हणाली, "थँक यू, अर्नी. काय झालं?"

मी ड्रम हलवून दाखवला. मिस्टर सोक पुढे आले, बोल्ट काढून मापला, खोक्यातले आणखी दहा मापले. त्यातले चार आखूड निघाले.

"असा हा पहिलाच सापडला?" त्यांनी विचारलं.

खोटं बोलले असते, पण एप्रन खाली ओढला जात होता आणि जरा हललं तरी खिसा वाजत होता. मी मूठ भरून बोल्ट बाहेर काढले, मग दुसरी मूठ.

"हे सगळे आजचे?"

"हो सर. बाकीचे बरणीत आहेत. सोमवारपासूनचे."

मिस्टर सोकनी बोल्टकडे बघितलं, मग माझ्याकडे. "मिस अर्नेस्टीन, दुसऱ्या पाळीत या जागेवर कोण असतं?"

"वेस्ली."

"तो ड्रम हलवून बघतो?"

वेस्ली कशाला बघेल? हिरवा दिवा लागतो ना! तीन दिवस माझी मशीनं ठीक जात होती, आणि त्याच खोक्यातून त्याची सगळी लटपटत बाहेर पडत होती. मी एक शब्द बोलले असते तर सोमवारीच थांबलं असतं. महापौर बुटांकडे बघत होते.

"सर," शमेका म्हणाली, "खराब बोल्ट जमवून ठेव, असं मीच हिला सांगितलं होतं. दोरी ओढ म्हणून सांगायला हवं होतं, ते राहिलं. चूक माझी आहे." मग तेच तिनं चेअरमनना त्यांच्या भाषेत सांगितलं. तुटक तुटक, पण सांगितलं.

मी मूग गिळून उभी राहिले.

तीन दिवसांचा बराचसा माल अजून गोदामातच होता. दोन ट्रक अटलांटाच्या रस्त्यावरून परत बोलावले. संध्याकाळपर्यंत कळलं की वाळवणीच्या लाइनवर टेक्सासहून कुणी दुसराच माणूस सुपरवायझर म्हणून येतोय. वर्षभर मागत होते ते मला एका दुपारात मिळालं.

पाळी सुटल्यावर मी पार्किंगमध्ये तिच्या गाडीपाशी उभी राहिले.

"तू कशाला पडलीस मधे?" मी विचारलं. "मी सांगितलं होतं का तुला?"

"चल, बस गाडीत. मोझेल आंटी वाट बघत असेल."

"शमेका, मी ती दोरी..."

"माहीत आहे." तिनं किल्ली लावली, पण गाडी सुरू केली नाही. "ओढताना तू ड्रमकडे नव्हतीस बघत. माझ्याकडे बघत होतीस. मी वळले तेव्हा तुझं तोंड बघितलं ना मी."

मी दार ओढून घेतलं.

"कोरियाला कुणाला पाठवायचं ते कशावरून ठरवलं, माहितीये तुला?" ती म्हणाली. "दोरीवरून. वर्षात मी एक्केचाळीस वेळा ओढलेली. तुझ्या नावापुढे शून्य. सोक मला म्हणाले, तुझ्या बहिणीला वर्षभरात एकही चूक दिसली नाही, म्हणजे एक तर ती बघत नाही, नाहीतर लपवते. मी म्हटलं, सर, ती सगळ्यांपेक्षा जास्त बघते. ती घाबरते. तिच्या आईचा हात एकदा बघा, मग बोला."

"हे तू मला कधी सांगितलं नाहीस!"

"सांगणार कधी? तू माझ्याशी बोलत होतीस का?" तिनं बाहीनं डोळे पुसले, रागानंच. "मला ती लाइन हवी होती, अर्नी. फार हवी होती."

"मी उद्या सोकना खरं सांगते."

"अजिबात नाही. तुझी नोकरी जाईल आणि माझं खोटं उघडं पडेल. गप्प बस. त्यात तू पटाईत आहेस."

मी गप्प बसले. तेव्हाही, आणि नंतरही.

पुढच्या महिन्यात कंपनीनं एक कागद लावला. वर्षातली सगळ्यात मोलाची दोरी ओढली म्हणून अर्नेस्टीन सुबर हिचा सत्कार. चेअरमनसमोरही कचरली नाही, असं खाली लिहिलं होतं. माझा फोटो मोठा करून पुढच्या दारात, पहिल्या मशीनच्या काचेशेजारी लावायचा ठरला. भिंतीवर एकाच चौकटीची जागा होती. शमेकानं स्वतः तिचा फोटो काढून माझा बसवला. चारही कोपऱ्यांचे स्क्रू आवळले आणि सरळ बसला की नाही ते तळहातानं हलवून बघितलं.

"छान आलीयस गं," ती म्हणाली, आणि कामाला निघून गेली.

येणारेजाणारे सगळे फोटोचं कौतुक करतात. मी मागच्या दारानं आत जाते.