बाबांची पाठ

आदल्या दिवशी बाबांची पाठ धरली होती, आणि आम्ही तिघंही निर्धास्त होतो.

बाहेरच्या माणसाला हे विचित्र वाटेल. पण आमच्या घरात बाबांची पाठ धरली म्हणजे ते रागावलेत, एवढाच अर्थ होता. रागावलोय असं ते कधी म्हणायचे नाहीत. तसं काही कुणीच म्हणायचं नाही. आईचा जीव कशात अडकला की तिला पित्त व्हायचं. दादाला काही लपवायचं असलं की त्याच्या अंगावर गांधी उठायच्या. माझी अर्धशिशी. माझा घटस्फोट झाला त्या वर्षी घरात त्याबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही, पण कोपऱ्यावरच्या औषधवाल्याने आईला हळूच विचारलं होतं, "सगळं ठीक आहे ना घरी?"

भांडणं आमच्याकडे झालीच नाहीत. दुखणी झाली.

वर घर आणि खाली बाबांचं दुकान. ते सोफे आणि खुर्च्या दुरुस्त करत. जुनं कापड उसवून आतल्या पट्ट्या, स्प्रिंगा, काथ्या सगळं नव्याने बसवत. त्या दुपारी मी तपासायची प्रुफं काखेत मारून खाली गेले, तर ते एका भल्यामोठ्या आरामखुर्चीला उलटं पाडून तिच्या पोटात डोकं घालून बसले होते. खुर्ची शाळेतून निवृत्त झालेल्या मुख्याध्यापिकाबाईंची. त्यांनी बजावून ठेवलं होतं की सगळं नवं घाला, पण माझा खड्डा आहे तिथेच ठेवा.

"पाठ?" मी विचारलं, कारण ते उठताना एका कुशीवर वळून उठले.

"हं."

काम करताना त्यांच्या तोंडात बारीक खिळे असत. जिभेने एकेक पुढे आणायचा, लोहचुंबकाच्या हातोडीने उचलायचा आणि ठोकायचा. त्यामुळे दिवसातला बराच वेळ त्यांचं बोलणं 'हं' एवढंच असे, आणि आम्हाला त्या 'हं'चे सगळे प्रकार ओळखू येत.

आई चहा घेऊन खाली आली. "पाठ कसली, लेकाचा राग आहे तो," ती मला म्हणाली, बाबा समोर नसल्यासारखी.

आदल्या रात्री जेवताना दादाने सांगितलं होतं की दुसऱ्या शहरातली नोकरी त्याने घेतली आहे, दुकान तो चालवणार नाही. बाबा 'बरं' म्हणाले होते आणि त्यांनी पाणी मागितलं होतं.

आता त्यांनी खिळे तळहातावर काढले. "जबडापण आवळलाय सकाळपासून."

"मग खिळे कमी चावा."

"आणि हा हात."

"त्याच हाताने दिवसभर हातोडी मारता. दुखेल नाही तर काय गाणं म्हणेल?"

बाबा डावखुरे होते.

ते हसले. माझ्याकडे हनुवटी करून आईला म्हणाले, "हिला चुका काढायचा पगार तरी मिळतो. तू फुकट काढतेस."

पाठीवरचा इलाज ठरलेला होता. ज्याच्यामुळे धरली असेल त्याने जाऊन जवळ बसायचं, आणि विषय काढायचा नाही. मी दादाला फोन केला. "पाठ धरलीये," म्हटलं. तो समजला. ऑफिसातून लवकर आला, बाह्या वर केल्या, आणि बाबा खिळे ठोकत असताना खुर्चीची पट्टी ताणून धरत बसला. अंधार पडायच्या सुमाराला बाबा म्हणाले, "उतरली जरा." मी पायऱ्या चढून वर आले ती चक्क खुशीत. घर पुन्हा रांगेला लागलं होतं.

सकाळी ते आमच्याआधी दुकानात गेले. आई चहा घेऊन उतरली तेव्हा ते खुर्चीशेजारी जमिनीवर होते. हातोडी मात्र जागेवर ठेवलेली होती.

हॉस्पिटलातल्या डॉक्टर तरुण होत्या, दमलेल्या होत्या. त्यांनी विचारलं, काल काही त्रास होता का? पाठीत? जबड्यात? डाव्या हातात? आई प्रत्येकाला 'हो' म्हणाली, आणि प्रत्येक 'हो' आधीच्यापेक्षा खालच्या आवाजात.

"मग दाखवलं का नाही?"

आम्ही एकमेकांकडे पाहिलं.

"ते रागावले होते," दादा म्हणाला.

डॉक्टरांनी मान वर केली. त्यांना वाटलं असावं, धक्क्याने हा काहीतरी बोलतोय. मग त्यानेच विचारलं, "रागाने होतं का असं?"

"रक्तवाहिनी बऱ्याच वर्षांपासून अरुंद होत आली असणार. मनावरच्या ताणाने त्यात भर पडू शकते. पण या वेळी नेमकं कशाने, ते सांगता येणार नाही."

मी आयुष्यभर वाक्यं तपासत आले आहे. त्या उत्तरात एकही चूक नव्हती. पण त्याला धरून उभं राहावं अशी जागाही मला त्यात सापडली नाही.

बाबा गेल्यावर घरातली दुखणी कुणीतरी पत्त्यांसारखी पिसून पुन्हा वाटल्यासारखं झालं. आईचं पित्त गेलं. साफ गेलं. ती पोटभर जेवायची, सकाळपर्यंत झोपायची, आणि कुणी भेटायला आलं की ओशाळून सांगायची, "मी बरी आहे हो. काय करू?" दादाच्या अंगावर एक गांध उठली नाही, त्याचा जबडा मात्र आवळायला लागला, आणि तो पुन्हापुन्हा हृदयाची तपासणी करून यायचा. प्रत्येक वेळी सगळं उत्तम. उत्तम म्हटलं की त्याचा चेहरा आणखी उतरायचा.

मी अर्धशिशीची वाट पाहत होते. मी तिच्यासाठी खोलीचे पडदेसुद्धा ओढून ठेवले होते. ती आली नाही, रडूही आलं नाही. माझी पाठ धरली. डाव्या खांद्याच्या खाली, जिथे हात पोचत नाही तिथे.

शोकाने शरीराचं काय होतं यावर मी पुष्कळ वाचलेलं आहे. तशा एका जाड पुस्तकाची प्रुफंही तपासली आहेत. स्नायू, संप्रेरकं, झोप, सगळी प्रकरणं. वाचलेलं खरं असेलही. पाठीला ते वाचता येत नाही.

एक्स-रे काढला. काही निघालं नाही. डॉक्टर वयस्कर होते. फिल्म उजेडाला धरून ते म्हणाले, "घरात काही घडलंय का अलीकडे?"

"पाठ दुखते," मी म्हणाले.

त्यांनी फिल्म पाकिटात घातली आणि मलम लिहून दिलं.

रस्त्याने येताना मला उलगडा होईना. ही पाठ म्हणजे पाठच आहे, की हृदय? की राग? आणि राग असेल तर कुणावरचा? दादावरचा? खिळे कमी चावा म्हणणाऱ्या आईवरचा? की 'उतरली जरा' म्हणणाऱ्या बाबांवरचा? खरंच उतरली होती की लेक शेजारी बसलाय म्हणून ते तसं म्हणाले? जन्मभर मी या घरात दुभाष्याचं काम केलं होतं. कुणाचं काय दुखतंय त्यावरून कुणाला काय झालंय ते सांगायचे. आता मला माझीच भाषा कळत नव्हती. आजारी आहे की दुःखी आहे, एवढंही नाही.

मग मुख्याध्यापिकाबाईंचा निरोप आला. घाई नाही, पण खुर्चीशिवाय बसायला अवघड जातं.

दादाची निघायची वेळ जवळ आली होती. त्याआधी खुर्ची हातावेगळी करू म्हणून आम्ही दोघं दुपारी दुकान उघडून बसलो. आई वर होती. तिच्या भांड्यांचा आवाज येत होता. दादाने कापड ताणून धरलं. मी खिळे तोंडात धरले, कारण बाबांनी आम्हाला लहानपणी तसंच शिकवलं होतं. खिळ्यांना लोखंडाची चव होती. तिसऱ्या-चौथ्या खिळ्यालाच माझा जबडा दुखायला लागला.

"बघ," दादा म्हणाला, "दुखतो ना? खिळ्यांनीही दुखतो."

"हं."

"म्हणजे आई चूक नव्हती."

"हं."

तो कापडाची घडी सरळ करत राहिला. ती आधीच सरळ होती.

"तू एवढं वाचतेस," तो खाली बघूनच म्हणाला. "एक सांग. माझ्यामुळे गेले का गं ते?"

माझ्या खांद्याखाली कळ उठली. मी एका कुशीवर वळले, अगदी त्यांच्यासारखी, आणि ते त्याने पाहिलं. लगेच उठला. "पाठ? थांब. मलम कुठाय तुझं?"

मी त्याला जाऊ देऊ शकले असते. तो वर गेला असता, मलम घेऊन आला असता, शेजारी बसला असता, आणि संध्याकाळी मी म्हणाले असते, उतरली जरा.

मी एकेक खिळा तळहातावर काढला. ओले होते, कोमट होते.

"बस," मी म्हणाले. "तुझ्यामुळे गेले का, मला माहीत नाही. ते कुणालाच सांगता येणार नाही, मलाही नाही. पण मला पाठ झालेली नाहीये, दादा. मला तुझा राग आलाय. बाबांचाही आलाय. आणि तू निघालास, त्याची मला भीती वाटते."