आखूड हार

मच्छिंद्रनं डाव्या हातानं पाटीतला झेंडू उचलून बायकोपुढं धरला. रेश्मानं तो सुईत ओवला. उजव्या हाताची बोटं गेल्यापासून देठ खुडणं त्याला जमत नव्हतं. पण खंडेनवमीच्या सकाळी नुसतं बसून राहणं त्याच्या स्वभावात नव्हतं.

सुप्याच्या कारखान्यात तो आता गेटवर बसे. पत्रा दाबून कापणाऱ्या त्याच्या प्रेसवर आता आकिब होता. ज्या मशीननं नवऱ्याची बोटं खाल्ली तिला हार कशाला, म्हणून रेश्मा कुरकुरत होती. मशीनचा दोष नाही, सेन्सर बिघडला होता, हे मच्छिंद्रचं वर्षभराचं ठरलेलं उत्तर. सेन्सर म्हणजे प्रेसच्या तोंडाशी दोन खांब आणि त्यांच्यामध्ये न दिसणाऱ्या किरणांचा पडदा. हात आत गेला की मशीन जागच्या जागी थांबायची. गेल्या दसऱ्याला तेवढी थांबली नाही. रेश्मा त्या सेन्सरला उठता-बसता शिव्या घालायची आणि मच्छिंद्र मुकाट ऐकून घ्यायचा.

गेल्या वर्षीचा तिचा हार मात्र सगळ्यांनी वाखाणला होता. चांगला लांबलचक, खाली शेवंतीचे गोंडे. हौसेला मोल नसतं म्हणतात. आताही तिनं दोरा तेवढाच घेतला होता.

"यंदा आखूड कर," मच्छिंद्र म्हणाला.

"का? लोकं काय म्हनतील?"

तो पाटीतली पानं उगाच चाळत राहिला. थोड्या वेळात आकिब हार न्यायला येणार होता. गप्प बसणं सोपं होतं, पण या वेळी पणाला बोटं आकिबची होती.

"पंख्याच्या वाऱ्यानं गोंडा हलला की किरणांच्या आड येतो. मशीन सारखी थांबती. मग मानूस वैतागून सेन्सरच बंद करतो."

रेश्माची सुई थांबली.

"तुमी बंद केल्ता?"

"व्हय."

"हार काढायचा हुता की."

"रात जागून केल्तास तू. काढवला न्हाई."

वर्षभर दिलेल्या सगळ्या शिव्या रेश्माला आठवल्या. तिनं दोरा मध्येच दातानं तोडला आणि गाठ मारली.

दारात मोटरसायकल थांबली. हार हातात घेऊन आकिब हसला.

"वहिनी, यंदा एवढासाच?"

"फुलं कमी पडली," रेश्मा म्हणाली, आणि झेंडूनं भरलेल्या पाटीवर तिनं पदर ओढला.