बाळकृष्णाचा नंबर

आमचा बाळकृष्ण पाच वर्षं फ्रीजवर बसला होता. पितळेचा, रांगता, उजव्या हातात लोण्याचा गोळा. लालबागच्या खोलीत त्याला भिंतीतला कोनाडा होता. भाईंदरला इंद्रलोकमध्ये वन रूम किचन घेतलं तेव्हा सगळं मिळालं, कोनाडा नाही मिळाला. फ्रीजची मोटर सुरू झाली की फ्रीज थरथरायचा आणि त्याच्याबरोबर देवही. आमचे हे म्हणायचे, "अनसूये, कुडकुडतोय गं हा. ह्याला देऊळ पाहिजे." म्हणायचे हसत, पण ते त्यांच्या मनातलं होतं. ते गेल्यावर माझ्याही मनातून ते गेलं नाही.

म्हणून गेल्या वर्षी, दोन हजार चार साली, आमच्या सोसायटीचे चेअरमन गुणवंतराव घरी येऊन म्हणाले, की काकी, सोसायटीत देऊळ बांधतोय आणि देव तुमचा बसवायचा आहे, तेव्हा मी कुठे, कसं, काही विचारलं नाही. संगमरवरी पाटीवर ह्यांचं नाव येणार होतं. 'कै. धाकू' असं ते नाव गुणवंतरावांनी माझ्यासमोर कागदावर लिहून दाखवलं. जे नाव मी आयुष्यात तोंडाने घेतलं नाही, ते कागदावर बघून माझे डोळे भरले. वर त्यांनी सांगितलं, तीन दिवस कीर्तन, बाबाजीबुवांना बोलावू, शेवटच्या दिवशी काला आणि काल्याला देव बसवू. कीर्तनाचं नाव काढल्यावर मी काय विरोध करणार? कुठे टाळ वाजला तरी माझे पाय आपोआप तिकडे वळतात. त्यांच्याबरोबर आलेल्या कमिटीच्या सगळ्यांसमोर मी नारळ हातात घेतला आणि हो म्हटलं.

चार दिवसांनी दूध आणायला खाली उतरले तर मुलांच्या खेळायच्या जागेत फक्कीच्या पांढऱ्या रेघा मारलेल्या. आमच्या पाच बिल्डिंगांच्या मधोमध तेवढीच एक मोकळी जागा. एक घसरगुंडी, दोन झोपाळे, एक बाक. रेघा बरोबर घसरगुंडी आणि झोपाळ्यांच्या भोवती होत्या. देऊळ तिथेच, आणि देवळाला चिकटून कमिटीचं ऑफिस. माझी नात क्षितिजा, सहा वर्षांची, त्या रेघेवरून लंगडी घालत होती.

मी तशीच पिशवी घेऊन गुणवंतरावांकडे गेले. मुलं कुठे खेळणार, एवढंच विचारलं. ते म्हणाले, "गार्डन काय कमी आहेत काकी? रोडपलीकडे आहे, पुढे फाटकाजवळ आहे, वेस्टला तर एकदम फर्स्टक्लास. आणि उत्तनकडे डोंगरीला अख्खा समुद्र पडलाय. न्या की फिरवायला."

बरं म्हटलं. नेते.

त्याच रविवारी सकाळी नऊला मी आणि शेजारची सुचेता, आम्ही दोघी नऊ मुलं घेऊन निघालो. पहिलं गार्डन मोठ्या रस्त्यापलीकडे. डंपर थांबायला तयार नाहीत, आम्ही साखळी करून पंधरा मिनिटं कडेला उभे. आत गेलो तर झोपाळ्याच्या नुसत्या साखळ्या, फळ्या गायब. फाटकाजवळच्या गार्डनमध्ये हिरवळ इतकी सुंदर की बघत राहावं, आणि बघतच राहायचं, कारण पाय ठेवायचा नाही अशी पाटी. वॉचमनने शिट्टी वाजवून मुलांना फरशीवर उभं केलं. आजोबा लोक गोल गोल चालत होते, त्यांना मुलांचा आवाज नको होता.

मग रिक्षा, मग स्टेशनचा पूल, मग परत रिक्षा करून भाईंदर पश्चिमेला. खोटं कशाला बोलू, ते गार्डन खरंच छान होतं. उंच घसरगुंडी, वाळू, प्यायला पाणी. मुलं अशी सुटली की सुचेताच्या डोळ्यांत पाणी आलं. एक तास खेळली. मग दोघांना शू, एकाला उलटी, चार जण पेंगुळलेली. घरी पोचायला दोन वाजले. क्षितिजा माझ्या खांद्यावर झोपली होती. सुचेता जिन्यात बसली आणि मला म्हणाली, काकी, हे रोज संध्याकाळी पाच वाजता कोण करणार? तिचा नवरा रात्री नऊला येतो. माझी सून स्वाती आठला. आमच्या खालच्या जागेचं तसं नव्हतं. तिथे स्वयंपाकघराच्या खिडकीतून हाक मारली की पोर मान वर करून बघायचं.

संध्याकाळी मी गुणवंतरावांना सांगितलं, माझा देव मिळणार नाही.

त्यांना राग आला नाही. हेच मला जास्त लागलं. ते म्हणाले, "नारळ घेतलात तुम्ही सगळ्यांसमोर. पण राहू द्या. मार्केटमध्ये मार्बलचे देव लायनीत उभे आहेत, त्यातला एक आणीन. काकी, एकदा देव बसला की कोण हात लावतंय? ना म्युनिसिपालिटी, ना तुम्ही."

जिना चढताना ते वाक्य माझ्याबरोबर वर आलं. रात्री भाकऱ्या थापताना तेच. देव बसला की कोण हात लावतंय. फ्रीजची मोटर सुरू झाली, देव थरथरला. मी त्याच्याकडे बघून म्हटलं, बाबा रे, तुला ऑफिसच्या भिंतीचा टेकू म्हणून बसवणार आहेत. मला लाज वाटली, त्याची नाही, माझी. पाटीवरच्या नावासाठी मी हो म्हटलं होतं.

सकाळी खाली जाऊन मी गुणवंतरावांना सांगितलं, दुसरा देव आणू नका. दिला शब्द पाळते, मीच आणते माझा. बसवायचा कुठे ते मात्र मी ठरवणार. ते घाईत होते. 'हो हो' म्हणाले.

कीर्तन उभं राहिलं. बाबाजीबुवा रायगडकडचे, आठवडाभर कंपनीत नोकरी, सुट्टीला कीर्तन. आवाज असा की माईक नसता तरी पाचही बिल्डिंगांत पोचला असता. पहिले दोन दिवस मी सगळं विसरून ऐकलं. शेवटचा दिवस काल्याचा. पहिल्या रांगेत मी, मांडीवर ताम्हन, ताम्हनात बाळकृष्ण. फक्कीच्या रेघांच्या आत चौरंग मांडलेला. बाजूला विटांची थप्पी आणि तिथे पहार घेऊन लवू उभा. हा उत्तनकडचा, कमिटीची कामं करायचा. देव चौरंगावर बसला, आरती झाली, की त्याने घसरगुंडी आणि झोपाळे उपटायचे, असं ठरलेलं.

बुवांनी काल्याचा प्रसंग घेतला. सवंगडी आपापली शिदोरी सोडतात, कोणाचं दही, कोणाच्या लाह्या, कोणाचं नुसतं लोणचं, सगळं एकत्र कालवतात, आणि त्यांच्या मधोमध देव. बुवा म्हणाले, "घरात यशोदेनं पाट मांडलाय, ताट वाढलंय, आणि हा कुठंय? हा बाहेर. आपला डाव कधी येतो म्हणून पोरांच्यात उभा." मृदंगावर थाप पडली. बुवांना रेघांबद्दल काहीच ठाऊक नव्हतं. ते नेहमीसारखं सांगत होते, मी नेहमीसारखं ऐकू शकत नव्हते.

गुणवंतरावांनी मला डोळ्याने खूण केली. आता आणा.

आरतीआधी कीर्तनातून उठू नये. मी साठ वर्षांत कधी उठले नव्हते. बुवांना हात जोडले आणि उठले. चौरंगापाशी आले, चौरंगाला नमस्कार केला, आणि त्याच्या बाजूने पुढे गेले. घसरगुंडीच्या पायऱ्या सात, माझे गुडघे चढू देईनात. मी क्षितिजाला हाक मारली. ताम्हनातला देव तिच्या हातात दिला.

"वर जा. मांडीत घट्ट धर त्याला. आणि ये खाली."

ती मोठ्या माणसासारखी हळू चढली. वर बसली, देवाला मांडीत घेतलं, त्याच्या पोटावर एक हात ठेवला, आणि आली खाली. मृदंग थांबला होता. दोनशे माणसं, आणि पत्र्यावर तिच्या फ्रॉकचा सरसर आवाज तेवढा. मागे कोणीतरी बाई म्हणाली, हे काय बाई भलतंच, देवाची थट्टा. ते मला लागलं. आजही लागतं.

पण पोरं थांबणारी कुठली? सुचेताचा साईराज ओरडला, आता झोपाळा. क्षितिजाने देवाला झोपाळ्यावर ठेवलं, दोन्ही बाजूंनी धरलं, आणि झोका दिला. तेव्हा बुवांनी उपरणं कमरेला आवळलं आणि नामाचा गजर उचलला. बाळकृष्णाला झोका द्यायचा, आणि त्यावर गप्प बसायचं, हे त्यांच्याने झालं नसतं. टाळ सुरू झाले. बायका उठून झोपाळ्यापाशी आल्या, एकेक झोका द्यायला. जी बाई भलतंच म्हणाली होती तीही आली. बुवांनी झोपाळ्याच्या खांबाला आणि घसरगुंडीच्या पायथ्याला बुक्का लावला.

गुणवंतराव माझ्याजवळ येऊन दबक्या आवाजात म्हणाले, "काकी, हे काय चालवलंय? देव म्हणजे काय खेळणं आहे?"

"नाही ना. म्हणूनच. तुमचंच वाक्य आहे, गुणवंतराव. देव बसला. आता लावा हात."

त्यांनी लवूकडे बघितलं. लवू घसरगुंडीवरचा बुक्का बघत होता. गुणवंतराव त्याला म्हणाले, आरती होऊ दे, मग सुरू कर.

"मी न्हाय लावणार पहार," लवू म्हणाला. "देव बसला तिथं आम्ही लोखंड न्हाय मारत. दुसरा कोण मिळतोय तं बघा." त्याने पहार विटांवर आडवी टाकली आणि काल्याच्या रांगेत हात पसरून बसला.

दुसरा कोणी मिळाला नाही. गुणवंतराव आठवडाभर शोधत होते. जनरल बॉडीत हा विषय घेतो म्हणाले. मी म्हटलं, घ्या, मी येईन, देवाला घेऊन येईन. तो विषय अजून यायचा आहे. विटा भिंतीला लागून पडून आहेत, पोरं त्यांचे स्टम्प करतात. गुणवंतराव माझ्याशी बोलत नाहीत, जिन्यात भेटले तर मोबाईल कानाला लावतात. पाटी झाली नाही. ह्यांचं नाव कुठेच लागलं नाही. काल्याच्या रात्रीच ह्यांच्या फोटोसमोर मी ते सगळं सांगितलं. फोटोत ते नेहमीसारखेच हसत होते.

बाळकृष्ण अजून फ्रीजवरच असतो. पण पाच वाजले की मी त्याला टोपलीत घालून खाली नेते. सुरुवातीला पोरं घसरगुंडीवरून आधी त्याला सोडायची. आता तेही गेलं. परवा मी बाकावरून म्हटलं, अगं, देवाला अजून एकदा घसरू दे की. क्षितिजाने मान हलवली.

"त्याचा नंबर झाला, आजी. आता तो मागे."

आणि तिने त्याला नेऊन रांगेच्या शेवटी उभं केलं, साईराजच्या मागे.