दादाच्या हातचा उजेड

प्रयोगशाळेत शेंडेफळाने दादाला ‘सर’ म्हणायचं, हा नियम दादानेच केला होता. तो विभागप्रमुख, ती त्याची सख्खी धाकटी बहीण. कुजबुज करणाऱ्यांना आणखी काय हवं? म्हणूनच चाचणीच्या दिवशी पेशींच्या दोन्ही ताटल्या, एक आजारी आणि एक निरोगी, त्याने स्वतः तयार केल्या. तिला हातही लावू दिला नाही. आजची चाचणी जमली तर तिने बनवलेले आजार ओळखणारे कण रुग्णालयात जाणार, नाहीतर काम बंद, असं त्याने सगळ्यांसमोर सांगून टाकलं.

तिला त्याचं काहीच वाटलं नाही. तिचे कण डोळ्यांना दिसणारही नाहीत इतके बारीक. प्रत्येकाला प्रथिनाचा एक धागा आणि धाग्याच्या टोकाला उजेड दाबून धरणारा रेणू. आजारी पेशीतलं एन्झाइम तो धागा कापतं आणि कण हिरवा चमकतो. निरोगी पेशीत कापणारं कुणी नसतं, म्हणून तिथे अंधार.

कण सोडताच दोन्ही ताटल्या हिरव्यागार झाल्या.

कुणीतरी घसा खाकरला. दादाचा चेहरा एवढासा झाला. बहिणीचं काम आपल्याच तोंडाने बंद करायची पाळी त्याच्यावर आली होती. ती मात्र ढिम्म. कण उगाच चमकत नाहीत, हे तिला पक्कं ठाऊक होतं. तिने सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला आणि गालातल्या गालात हसली. निरोगी ताटलीत पेशी काळ्याच होत्या. उजेड होता तो त्यांच्या भोवतीच्या पाण्यात.

“सर, पेशी तळापासून सोडवल्या कशाने?”

“कशाने म्हणजे? नेहमीच्या ट्रिप्सिनने,” दादा म्हणाला आणि जिथल्या तिथे थबकला.

ट्रिप्सिन हेही एन्झाइमच. भांड्याच्या तळाला चिकटून वाढलेल्या पेशी सोडवायला सगळे तेच वापरतात. ते प्रथिनं कापतं, मग तिचा धागा कसा सोडेल? ती नुसत्या क्षारांच्या पाण्याने पेशी सोडवायची. दादाचा हात जुन्या सवयीने ट्रिप्सिनच्या बाटलीकडे गेला होता आणि घाईत पेशी नीट धुवायच्या राहिल्याने ते पाण्यात उरलं होतं.

नव्या ताटल्याही तिने त्यालाच करायला लावल्या, क्षारांच्या पाण्याने. या वेळी आजारी पेशी आतून उजळल्या आणि निरोगी ताटली काळीकुट्ट राहिली. तिला भरून आलं.

दादाने तिथल्या तिथे रुग्णालयाला फोन लावला आणि कण पाठवतोय म्हणून कळवलं. मग कुजबुज करणाऱ्यांकडे वळून म्हणाला, “झुकतं माप म्हणत होतात ना? तिच्या कणांनी पहिला पकडला तो तिचा भाऊच.”