पूर्वेस सामाईक बोळ

कोर्टाने घर जैसे थे ठेवायला सांगितलं आणि त्या दिवसापासून रत्नप्रभाबाईंचं मरण थांबलं.

डॉक्टरांनी आठ दिवस सांगितले होते, फार तर दहा. त्याला आता तीन वर्षं होऊन गेली. ते डॉक्टर बदली होऊन गेले, त्यांच्या जागी दुसरे आले. त्यांनीही तपासून आठ दिवसच सांगितले.

हुकूम झाला तेव्हा सकाळचे अकरा चाळीस झाले होते. घरात शेजारीण लावून गेलेल्या कुकरच्या दोन शिट्ट्या झाल्या होत्या, तिसरी काही झाली नाही. ऊन पलंगाच्या पायाशी आलं होतं, ते तिथेच राहिलं. बाहेर अंधार पडो की पाऊस पडो, आत अकरा चाळीसचंच ऊन. मोरीत एक झुरळ उताणं पडलं होतं, ते तीन वर्षं पाय झाडत होतं. कोर्टाचा हुकूम म्हणजे हुकूम, तिथे झुरळालाही सूट नाही.

मुकुंदराव घोरपडे, म्हणजे बाईंचे यजमान, त्या वेळी कोर्टाच्या बाकावर बसलेले होते, म्हणून तेवढे हुकमातून सुटले. त्यांची दाढी वाढायची, पोटात भूक लागायची. भात अर्धाकच्चा तो अर्धाकच्चाच, म्हणून दोन्ही वेळा खानावळीत जायचे. तीन वर्षांत त्यांचे दोन दात पडले आणि उजवा गुडघा कामातून गेला. बायको मात्र होती तशीच, अठ्ठावन्न वर्षांची. गल्लीतल्या नव्या भाडेकरणीने तर एकदा विचारलं, "काका, आत झोपलेल्या त्या तुमच्या धाकट्या बहीण का हो?" मुकुंदराव हो म्हणून मोकळे झाले. समजावत कोण बसणार!

भांडण कशाचं म्हणाल, तर तीन फुटांच्या बोळाचं. एका बाजूला घोरपड्यांचं घर, दुसऱ्या बाजूला शिवलिंग कोऱ्यांचं, मध्ये बोळ. कोऱ्यांना माडीवर जायला त्या बोळात जिना बांधायचा होता. मुकुंदराव एस. टी.च्या वर्कशॉपमध्ये पस्तीस वर्षं नट आवळत आलेला माणूस. ढिलं सोडणं त्यांना ठाऊकच नव्हतं. "बोळ सामाईक आहे. एक वीट ठेवू देणार नाही," म्हणाले आणि गेले कोर्टात. घर रत्नप्रभाबाईंच्या नावावर, त्यांच्या वडिलांनी दिलेलं. म्हणून वादी त्या. त्या अंथरुणाला खिळलेल्या, म्हणून त्यांनी नवऱ्याच्या नावाने मुखत्यारपत्र करून दिलं होतं. खटला यांचा आणि नाव तिचं, असा प्रकार.

आणि घोटाळा झाला तो इथेच. दावा बोळाचा, तर चतुःसीमाही बोळाच्या टाकायला हव्या होत्या. नलिनी बोधे वकिलांच्या टायपिस्टने घराच्या जुन्या खरेदीखतावरून चतुःसीमा उतरवून काढल्या. पूर्वेस सामाईक बोळ, पश्चिमेस रस्ता, दक्षिणेस विहीर, उत्तरेस भाऊबंदांचं परडं. एवढ्याच्या आत जे काही असेल ते निकाल लागेपर्यंत जैसे थे. बोळ राहिला बाहेर आणि घर सापडलं आत.

कोऱ्यांनी पंधरा दिवसांत जिना बांधला. हुकूम मोडलाच नव्हता, तर अडवणार कोण?

बोधेबाई धावत आल्या. चाळिशीची हुशार बाई, पण त्या दिवशी चेहरा पार उतरला होता. "काका, आमची चूक झाली. पण लेखनातली चूक आहे, दुरुस्तीचा अर्ज दिला की दोन मिनिटांत नीट होईल. जिनाही पाडून घेऊ."

"नको," मुकुंदराव म्हणाले.

"अहो, जिना उभा राहिलाय डोळ्यांदेखत!"

"राहू दे. छान आहे जिना."

बोधेबाईंनी आत पलंगाकडे पाहिलं, भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं, आणि त्यांना समजलं. त्या चपला घालून निघून गेल्या.

तिथून पुढे मुकुंदरावांनी जो कायदा शिकून घेतला, तो वकिलांनी तोंडात बोट घालावं असा. कोऱ्यांचा वकील तयारीने आला की यांच्या पोटात दुखायचं आणि तारीख पडायची. मग म्हणाले, दाव्यात दुरुस्ती करायची आहे, विहिरीचा कठडा लिहायचा राहिलाय. ती मंजूर होईपर्यंत उन्हाळा गेला. मग म्हणाले, कोर्टाने कमिशन नेमून जागा मोजावी. मोजणी झाली, तर टेप खोटी आहे म्हणून हरकत. दावा हरायचा नाही आणि जिंकायचा तर मुळीच नाही. जिंकला तरी निकाल लागला, निकाल लागला की हुकूम संपला, आणि हुकूम संपला की घड्याळ चालू. माणसाने आयुष्यभर ज्या निकालासाठी भांडावं, त्याच निकालाच्या पुढे हा माणूस तीन वर्षं पळत होता.

रोज संध्याकाळी खानावळीतून येऊन ते पलंगाशेजारी खुर्ची ओढून बसायचे. ती बोलायची. मन मिळकतीत येत नाही, तेव्हा मनाला हुकूम लागू नव्हता. ती सगळं ऐकायची, सगळं तिच्या लक्षात राहायचं. बाहेरून तीन गणपती वाजत गेले ते तिने मोजले होते. यांना त्या गप्पांचा एवढा आनंद की काय सांगावं! ऐन संसारात कधी एवढं बोलणं झालं नव्हतं. वर्कशॉप, ओव्हरटाइम, मुलीचं लग्न, मुलगी जाऊन राहिली दूर गुवाहाटीला. आता कुठे बायको सापडली, असं त्यांना वाटायचं. तसं त्यांनी एकदा तिला बोलूनही दाखवलं.

ती म्हणाली, "अहो, मिटवा की आता."

"कोऱ्यांचं भांडण? ते काय मिटायचंय."

"भांडणही मिटवा," ती म्हणाली. "तीन वर्षं झाली, माझ्या पापणीला पापणी लागली नाही. हुकूम झाला तेव्हा मी जागी होते ना."

मुकुंदराव चादर सारखी करत बसले.

"आणि बाराला इंजेक्शन होतं," ती म्हणाली.

हे त्यांना ठाऊक होतं. हे असं ठाऊक होतं की त्यावर त्यांनी तीन वर्षं विचारच केला नव्हता. सकाळी आठचं इंजेक्शन साडेअकरापर्यंत उतरायचं, मग अर्धा तास ती दात दाबून काढायची, बाराला नर्स यायची. त्या अर्ध्या तासातच ती हुकमात सापडली. नर्स पुढेही आठवडाभर आली, सुई टोचून गेली, पण औषध अंगात गेलं तरी अंग जैसे थे. पाणी प्यायलं तरी तहान जैसे थे. मग नर्सने येणं सोडलं.

"फार दुखतं का गं?" त्यांनी विचारलं. तीन वर्षांत पहिल्यांदा विचारलं.

"तेवढंच दुखतं," ती म्हणाली. "जास्त नाही, कमी नाही. तेवढंच."

दुसरा कोणी असता तर त्या रात्रीच वकिलाकडे गेला असता. मुकुंदराव गेले नाहीत. दुष्ट होते म्हणून नव्हे. त्यांचं तिच्यावर प्रेम होतं, आणि प्रेमाच्या माणसाइतका हट्टी दावेदार कुठल्या कोर्टात सापडायचा नाही. ते पुढच्या तारखेला गेले आणि नवा अर्ज देऊन आले.

त्या तारखेला कोरे बाहेर व्हरांड्यात त्यांना आडवे आले. धिप्पाड, गंधाचे पट्टे ओढलेला माणूस, पण आवाज अगदी खाली. "घोरपडे, जिना पाडतो मी. लिहून देतो. बोळ तुमचा म्हणा, सगळा घ्या."

"का?"

"जिन्यावरून जाता-येता वहिनींचं कण्हणं ऐकू येतं. तीन वर्षं तेच कण्हणं. माझी नात आता तशीच कण्हायला शिकलीय खेळताखेळता. मिटवून टाकू या बाबा."

"खर्चही पाहिजे," मुकुंदराव म्हणाले.

"देतो."

"माफीही लिहून पाहिजे. वर्तमानपत्रात."

"देतो की."

मागायचं ते सगळं मिळालं होतं. मुकुंदराव म्हणाले, "विचार करतो," आणि गुडघा धरत बसस्टँडकडे निघाले.

कोरे मात्र घरी आले, जिना चढू लागले आणि सहाव्या पायरीवर थांबले. तिथून रत्नप्रभाबाईंची खिडकी हाताच्या अंतरावर. आतून त्या म्हणाल्या, "अण्णा, एक काम कराल? बोधेबाईंना निरोप द्या. म्हणावं, काकांशिवाय या."

बोधेबाई दुसऱ्याच दिवशी आल्या, मुकुंदराव खानावळीत गेल्याची वेळ साधून. रत्नप्रभाबाईंनी सरळ विचारलं, "मला काय काय करता येतं?"

"काकू, सगळंच तुम्हाला करता येतं," बोधेबाई म्हणाल्या. "वादी तुम्ही. काका फक्त मुखत्यार. तुम्ही चालवू द्याल तोवर ते चालवणार. मुखत्यारपत्र रद्द करू शकता. दावा काढून घेऊ शकता. नाहीतर कोऱ्यांशी तडजोड करा, दोघांच्या सह्या घालून मी कागद कोर्टात देते. तुम्ही अंथरुणाला आहात हे न्यायाधीशसाहेबांना सांगून ठेवलंय. त्याच दिवशी हुकूम संपेल. हे मी तुम्हाला तीन वर्षांपूर्वीच सांगायला हवं होतं. वकील तुमची होते ना मी."

"मला कुणी विचारलंच नाही बघा," रत्नप्रभाबाई म्हणाल्या. "आणि मलाही वाटलं, यांना विचारल्याशिवाय कसं विचारायचं! जळलं माझं लक्षण."

कागद पुढे केला, पेन दिलं. पण शाई उमटेना. दुसरं पेन घेतलं, तेही तसंच. हुकमाच्या आत बसून हुकूम संपवणारी सही कशी होणार? बोधेबाईंनी पुन्हा चतुःसीमा वाचल्या. पूर्वेस सामाईक बोळ.

"काकू, हात खिडकीबाहेर काढता येईल?"

"येईल. पण आज नको," त्या म्हणाल्या. "ते असताना या. चोरून नाही करायची मला सही."

गुरुवारी सकाळी बोधेबाई आल्या तेव्हा मुकुंदराव दारातच बसले होते. त्यांना बायकोने रात्रीच सगळं सांगितलं होतं. ते भांडले होते, रडले होते, मुखत्यारपत्र फाडायची धमकी देऊन बसले होते, आणि ते फाडलं तर उलट तिचंच काम होईल हे कळल्यावर पुन्हा नीट घडी घालून ठेवलं होतं. पहाटे कधीतरी म्हणाले होते, "मला मागे टाकून चाललीस." त्यावर ती म्हणाली होती, "अहो, तुम्हीच पुढे गेलात. आरशात बघा, केवढे म्हातारे झालात. मी किती दिवस इथे वाट बघू?"

सगळे बोळात गेले. कोऱ्यांनी सहाव्या पायरीवर आपली सही आधीच करून ठेवली होती. खिडकीच्या गजांतून रत्नप्रभाबाईंचा हात बाहेर आला, कोपरापर्यंत.

बाहेर येताच त्या हाताला अकरा एक्केचाळीस झाले. मग बेचाळीस. नर्सने कधीतरी टोचलेलं औषध तेवढ्या हातापुरतं लागू पडलं. बोटं सैल झाली. मनगटावरून एक डास उडाला, जागा खाजली, आणि तिथे लहानशी गांधी उठली.

"अगं बाई," आतून आवाज आला. "दमला हो हात. किती बरं वाटतंय दमून!"

कोरे भिंतीकडे तोंड करून उभे राहिले.

पॅड धरायला कोणीतरी हवं होतं. बोधेबाईंनी हात पुढे केला, पण मुकुंदरावांनी पॅड त्यांच्याकडून काढून घेतलं. सहा पायऱ्या चढायला त्यांना बराच वेळ लागला. खिडकीखाली उभं राहून त्यांनी पॅड दोन्ही हातांनी वर धरलं आणि पेन तिच्या बोटांत दिलं. बोटं गरम होती. त्यांनी ती जरा वेळ धरून ठेवली. मग सोडली.

ती सावकाश लिहू लागली. सही झोकदार कधीच नव्हती तिची, सातवीपर्यंतचं पाटीवरचं अक्षर. आधी रत्नप्रभा. शाई उमटली, अगदी निळी. मग जरा थांबून मुकुंद. लग्नात नाव घ्यायला लावलं तेव्हा जेवढी लाजली होती, तेवढाच वेळ तिने त्या तीन अक्षरांना घेतला.

"कागद नीट धरा," ती आतून म्हणाली.

"धरलाय."

"हलतोय."

"नाही हलत," मुकुंदराव म्हणाले, आणि पॅड छातीशी टेकवून त्यांनी दोन्ही कोपरं भिंतीला रोवली.

तिने घ काढला, त्याला काना दिला, आणि वर मात्रा ओढायला पेन उचललं.